हेड कापून बघितलं, आत काय दिसलं?

बंदीचे दोन महिने म्हणजे इंजिन खोलायचे दिवस. यंदा एका बोटीचं भंगारात निघालेलं हेड आपण करवतीवर उभं कापलं. कल्पना आपल्याच बंदरातल्या एका पोराची. तो इंदूरजवळ सिमरोलच्या आयआयटीत शिकतो, सुट्टीला आला होता. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात क्ष-किरणांनी वस्तूच्या आतलं बघायची सोय आहे, मग कापायचं कशाला, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, एवढ्या जाड बिडातून किरण पार जाणं कठीण. करवतच बरी."

या हेडला दोनदा वेल्डिंग झालं होतं. तरी भर समुद्रात इंजिन गरम, ऑईल दुधाळ! फिटर म्हणे गॅस्केट, मालक म्हणे फिटर.

आधी व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, नोझल काढलं. मग एका सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या मधोमध खडूने रेघ मारून बँडसॉवर सावकाश कापलं. बीड कोरडंच कापतात, काळी भुकटी पडते. नाकाला फडकं बांधा.

बाहेरून ठोकळा दिसणारं हेड आतून पोकळ असतं. हवेची वाट, धुराची वाट आणि या दोघींना वेढून पाण्याची पोकळी. ही पोकळी ड्रिलने होत नाही. वाळूचा गाभा साच्यात टांगतात, भोवती साधारण १४०० अंशांचं बीड ओततात, थंड झाल्यावर वाळू भोकांतून झटकून काढतात. त्याच भोकांवर पुढे पत्र्याच्या वाटीसारख्या डमी ठोकतात. दरवर्षी गळतात त्याच त्या.

ओतताना गाभा जरा सरकला तर भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ होते. आपल्या तुकड्यात धुराच्या वाटेची भिंत एकीकडे दुसरीच्या जवळपास निम्मी निघाली. बाहेरून हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण खरा गुन्हेगार वेगळाच. दोन व्हॉल्व्हच्या मधली चिंचोळी पट्टी सगळ्यात जास्त तापते, आणि नेमकं तिथलं पाण्याचं भोक खाराने जवळजवळ बुजलेलं. समुद्राचं पाणी ५०-५५ अंशांच्या वर गेलं की खार धरायला लागतं. एक मिलिमीटर खार उष्णता अडवतो तो वीस-पंचवीस मिलिमीटर बिडाइतकी. पाणी वाहतंय, मीटरचा काटाही ठीक, आणि ती पट्टी मात्र भाजतेय. तडा तिथूनच गेला होता, आतून बाहेर. वेल्डिंग झालं होतं वरच्या अंगाला. खाली तडा तसाच.

म्हणून हेड उतरवलंच आहे तर डमी काढून आत तार घाला, खार धुऊन घ्या, मग प्रेशर टेस्ट करा. टेस्ट गरम पाण्यात करायला सांगा, थंडीत तडा मिटून बसतो. आणि दरवेळी प्लेन मारायचा हट्ट नको, तळ पातळ होत जातो. माझं मत विचाराल तर त्या पट्टीत तडा गेलेलं हेड पुन्हा बोटीवर चढवू नये. वीस वाव पाण्यात इंजिन बंद पडण्यापेक्षा नवं हेड स्वस्त.

समुद्राचं पाणी थेट इंजिनात न सोडता मध्ये कूलर बसवून आत गोडं पाणी फिरवणाऱ्यांना हा त्रास बराच कमी. त्यांनीही ते पाणी वेळेवर बदलावं.

कापलेले दोन्ही तुकडे सोसायटीच्या गोदामात ठेवलेत. डिझेल भरायला आलात की बघून जा. कडा धारदार आहेत, पोरांना हात लावू देऊ नका.