स्टिअरिंग बिघडले? आधी पेडल तपासा!

संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळणाऱ्यांच्या घरात स्टिअरिंग व्हील ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. कीबोर्डवरच्या बाणांनी गाडी वळवण्याचा कंटाळा आला की आज ना उद्या टेबलाला चाक लागते, पायाशी पेडल येतात आणि खिसा परवानगी देत असेल तर बाजूला गिअरचा दांडाही बसतो. प्रश्न उभा राहतो तो दोन-तीन वर्षांनी, वॉरंटी संपल्यावर. ब्रेकला पायही लागलेला नसताना गाडी थबकू लागते. सरळ रस्त्यावर ती एका अंगाला ओढते. चाक फिरवताना आतून करकर ऐकू येते. अशा वेळी बरेच जण ते चाक माळ्यावर टाकून नव्यासाठी पुन्हा हजारो रुपये मोजायला तयार होतात. वास्तविक यातले बहुतेक बिघाड किरकोळ खर्चात दुरुस्त होण्याजोगे असतात. मात्र बिघाड नेमका कोठे आहे, हे यंत्र उघडण्यापूर्वी ओळखता आले पाहिजे.

उदाहरणादाखल ‘लॉजिटेक’ची जी २७ आणि जी २९ ही मॉडेले घेऊ. पहिले आधी बाजारात आले, दुसरे २०१५ साली. दोन्हींचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते. आतल्या दोन विद्युत मोटरी दातेरी चाकांच्या साहाय्याने स्टिअरिंगला उलट जोर देतात आणि त्यामुळे खड्डा, वळण किंवा घसरण हाताला जाणवते. यालाच ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात. जी २७मध्ये चाक किती वळले हे मोजण्यासाठी मोटरच्या दांड्यावर बारीक फटींची एक चकती असते. फटींतून प्रकाश आरपार गेला की अडला, याची मोजणी होऊन चाकाची जागा ठरते. पेडलांचे काम मात्र निराळ्या तत्त्वावर चालते आणि नेमके तेच सर्वांत आधी बिघडते.

पेडलाच्या मुळाशी ‘पोटेन्शिओमीटर’ नावाचा छोटा भाग असतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर होत असे, ती ज्या भागामुळे होई, तोच हा. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत सरकणारी धातूची जीभ. पेडल दाबले की जीभ सरकते, विद्युतरोध बदलतो आणि संगणकाला दाब कळतो. पट्ट्यावर धूळ बसली किंवा कार्बन झिजला की रेडिओत जी खरखर होई, ती इथे आकड्यांत होते. पाय स्थिर असतो, पण संगणकाला वाटते की ब्रेक क्षणभर दाबून सोडला. पेडल जमिनीलगत असतात, घरातली धूळ, केस आणि पायांना लागलेली माती पहिल्यांदा तेथेच पोहोचते. त्यात नवल ते काय?

परीक्षा अगदी सोपी आहे. विंडोजमध्ये ‘रन’च्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ टंकले की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तेथे एकेक पेडल शक्य तितके सावकाश दाबावे आणि तितकेच सावकाश सोडावे. पट्टी एकसारखी सरकली तर भाग निर्दोष आहे. मध्येच उडाली, थरथरली किंवा पाय काढल्यावरही मूळ जागी आली नाही, तर दोष पोटेन्शिओमीटरचा समजावा. येथे दोन गोष्टींनी फसगत होते. चालक प्रणालीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच अक्षावर दाखवण्याची सोय असते. ती चालू राहिली की दोन्ही पेडल एकमेकांना छेदतात आणि यंत्र बिघडल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट जी २९च्या ब्रेकची. त्याच्या स्प्रिंगच्या आत रबराचा तुकडा बसवलेला आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा गाठायला पाय चांगलाच रेटावा लागतो. पट्टी शेवटपर्यंत जात नाही म्हणून धडधाकट पेडल उघडून बसलेले लोक कमी नाहीत.

दोष नक्की झाल्यावर सर्व वायरी काढून पेडलांची तळपट्टी उघडावी. प्रत्येक पायरीला मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवावेत. पोटेन्शिओमीटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक पेडलाच्या दात्यांत अडकलेले असते. कोणता दाता कोणत्या खाचेत होता, याची खूण पेनाने केल्याशिवाय ते सोडवू नये. एका दात्याची चूक झाली तरी पेडलाची धाव अपुरी पडते. मग टोकांच्या जोडणीजवळच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारावा, दांडा पंचवीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहावी. गंजलेली बिजागरी मोकळी करण्यासाठी घरात ठेवलेले तेलकट फवारे येथे वापरू नयेत. त्यांचा थर आत राहतो आणि धूळ दुप्पट वेगाने धरतो.

सफाईने महिना-दोन महिने बरे वाटून पुन्हा तेच सुरू झाले, तर कार्बनचा पट्टा झिजला आहे, भाग बदलावा. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे पोटेन्शिओमीटर थोडक्या पैशांत मिळतो. जुना नमुना मात्र सोबत न्यावा. भागावर छापलेले मूल्य तर जुळलेच पाहिजे, शिवाय ‘बी’ हे अक्षर, म्हणजे रोध समप्रमाणात बदलणारा प्रकार, आणि दांड्याची लांबी व आकारही जुळायला हवा. दुकानदार ‘हाही चालेल’ म्हणतो तेव्हा बहुधा दांडा चालत नाही. जी २७च्या गिअरच्या दांड्याखालीही असेच दोन पोटेन्शिओमीटर असतात. तिसरा गिअर टाकला आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेली, तर हाच उपाय करून पाहावा.

स्टिअरिंगचा मध्य सरकणे हे दुखणे थोडे गंभीर आहे. वीज मिळताच चाक आपोआप दोन्ही टोकांना फिरून मध्यावर थांबते. त्या वेळी त्याला हात लावू नये, नाही तर मध्यच चुकीचा धरला जातो. हात न लावताही मध्य चुकत असेल, किंवा शर्यतीत हळूहळू सरकत असेल, तर जी २७मध्ये संशय त्या फटींच्या चकतीवर घ्यावा. तिचा प्लॅस्टिकचा मधला भाग काळानुसार तडकतो आणि मोटरच्या दांड्यावर घसरू लागतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा मोह येथे होतो, पण त्याच्या वाफेचा पांढरा थर फटींवर बसतो आणि मोजणीच बंद पडते. चकती बदलणेच श्रेयस्कर. ‘थ्रस्टमास्टर’च्या टी ३००सारख्या मॉडेलांत पट्टा आणि चुंबकीय सेन्सर असल्याने तेथे घासणारा भाग नसतो. त्याच्या सोबतच्या पेडलांत मात्र पुन्हा पोटेन्शिओमीटरच!

लॉजिटेकची दातेरी चाके थोडी खडखडतात, तो दोष नव्हे. आवाज एकाएकी वाढला तरच आत पाहावे. शिलाई मशीनचे तेल पातळ असते, ते ओघळून चकतीवर आणि मोटरमध्ये उतरते. प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉनचे घट्ट ग्रीस दात्यांवर अगदी पातळ लावावे. भरपूर लावले की भरपूर चालते, हा समज येथे उपयोगाचा नाही.

रोजची निगा याहून सोपी. खेळ संपल्यावर हाताचा घाम कातड्यावरून कोरड्या कापडाने पुसावा, बूट घालून पेडल वापरू नयेत, यंत्रावर कापड झाकावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते, म्हणून चाक बंद कपाटात ठेवण्यापेक्षा वाऱ्यावर ठेवलेले बरे. टेबलाला धरणारे शिकंजे दात-ओठ खाऊन आवळू नयेत, ते प्लॅस्टिकचे असतात.

चाक अजिबात जिवंत होत नसेल, तर प्रथम ॲडॉप्टर मल्टीमीटरने तपासावा. या दोन्ही मॉडेलांना २४ व्होल्ट लागतात, आणि हाताशी आहे म्हणून दुसऱ्या दाबाचा ॲडॉप्टर लावणे हा चालू सर्किट जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ॲडॉप्टर ठीक असेल तर पेडलांच्या नऊ टाचण्यांच्या जोडणीत एखादी टाचणी वाकली आहे का ते पाहावे. जळकट वास आला किंवा मोटर एकाच बाजूला जोर देऊ लागली, तर वीज तोडून यंत्र जाणकाराकडे न्यावे. नेताना चाक, पेडल आणि ॲडॉप्टर तिन्ही न्यावेत, आणि वास केव्हा आला, त्याआधी किती वेळ खेळ चालू होता, हे त्याला सांगावे.