मायोत : मतपेटीतून फ्रेंच झालेले मुसलमान

फ्रान्समधले मुसलमान म्हटलं की आपल्याला पॅरिस आणि हिजाबचे वाद आठवतात. पण फ्रान्सच्या एका जिल्ह्यात सुमारे ९५ टक्के लोक मुसलमान आहेत. हा जिल्हा युरोपात नाही. आफ्रिकेजवळ, मोझांबिक आणि मादागास्करच्या मधल्या समुद्रात आहे. त्याचं नाव मायोत.

मायोत हे कोमोरो बेटांपैकी एक. चारही बेटांवरचे बहुतेक लोक आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई. बोलीभाषा जवळच्या, सोयरिक एकमेकांत. मग मायोत वेगळं का झालं?

१८४१ साली इथल्या सुलतानाने बेट फ्रान्सला देऊन टाकलं. बाकीची बेटं फ्रान्सच्या ताब्यात नंतर आली. पुढे राजधानी मायोतवरून मोरोनीला हलवली, तेव्हा नोकऱ्या आणि कामधंदा गेला. मोठी बेटं आपल्याला दाबून टाकतील, ही भीती बसली. विरोधात बायकाच पुढे आल्या. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांना घेरून, गुदगुल्या करून त्या पळवून लावायच्या!

१९७४ च्या सार्वमतात तीन बेटांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतने नाकारलं. १९७६ मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मतं फ्रान्ससोबत राहण्यासाठी पडली. २०११ मध्ये मायोत फ्रान्सचा १०१ वा जिल्हा झाला. कोमोरो सरकार मात्र आजही बेटावर हक्क सांगतं.

फ्रेंच होण्याची किंमतही मोजावी लागली. पूर्वी निकाह, तलाक, वारसा यांचे निवाडे काझी करायचे. २०१० मध्ये त्यांचा न्यायनिवाड्याचा अधिकार गेला. आज ते समेट घडवतात, सल्ला देतात. नव्याने दुसरा निकाह करायला कायद्याने बंदी आली. पिढ्यान् पिढ्या ज्यांना ठरलेलं आडनावच नव्हतं, त्यांना सरकारी नोंदीसाठी ते निवडावं लागलं. तरीही मुलं शाळेआधी मदरशात कुराण शिकायला जातातच. लोकांना त्यात विसंगती वाटत नाही. आपण मुसलमानही आणि फ्रेंचही, असं ते सांगतात.

मग बरोबरी मिळाली का? फ्रान्सचा हा सर्वात गरीब जिल्हा आहे. २०१८ च्या सरकारी पाहणीत ७७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली निघाले. किमान वेतनही बाकीच्या फ्रान्सपेक्षा कमी ठेवलं गेलं.

सगळ्यात अवघड प्रश्न घरचा आहे. आंजुआन बेट जेमतेम ७० किलोमीटरवर. १९९५ पासून तिथल्या लोकांना व्हिसा लागतो. म्हणून माणसं छोट्या होड्यांतून रात्री निघतात. कितीतरी बुडाली आहेत. २०१७ च्या जनगणनेत मायोतचे जवळपास निम्मे रहिवासी परदेशी नागरिक होते आणि त्यातले बहुतेक शेजारच्या बेटांवरचे. दवाखाने, शाळा अपुऱ्या पडतात, म्हणून स्थानिक लोकच त्यांना बाहेर काढा म्हणतात. इथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळण्याच्या अटी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये कडक केल्या गेल्या.

डिसेंबर २०२४ च्या चिडो चक्रीवादळात पत्र्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. पकडले जाऊ या धास्तीने कागदपत्रं नसलेले अनेकजण निवाऱ्यात गेलेच नाहीत, असं तेव्हा सांगितलं गेलं.

कलमा एक, मजहब एक, पण हातातला कागद वेगळा. कोण आपलं आणि कोण परकं, हे मायोतमध्ये आज तो कागद ठरवतो. आणि ज्यांच्याकडे तो आहे, तेही अजून बरोबरीच्या हक्कांची वाट पाहत आहेत.