हिरवा लेझर आतून हिरवा नसतो!

जत्रेत मिळणारा पेनाएवढा हिरवा लेझर तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या वरूडात तो लहान पोरांच्या हातातही दिसतो. काही दिवसांनी त्याचा ठिपका मंद पडला, की मोठी माणसं म्हणतात, "घे, आता खेळ." नेमका इथेच धोका आहे.

अशा बऱ्याच लेझरमध्ये सुरुवातीला हिरवा प्रकाश नसतोच. एक छोटा डायोड ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश देतो. तो निओडिमियम मिसळलेल्या क्रिस्टलमध्ये शिरतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटरचा लेझर तयार होतो. हाही इन्फ्रारेडच, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. शेवटी येतो केटीपी, म्हणजे पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटचा क्रिस्टल. तो तरंगलांबी बरोबर निम्मी करतो: ५३२. हा आपल्याला दिसणारा हिरवा.

हे होतं कसं? मोबाईलचा स्पीकर फुल आवाजावर फाटतो ना, तसंच काहीसं. फाटलेल्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचे सूरही मिसळतात. तीव्र लेझर पडला की केटीपीमधले इलेक्ट्रॉन असेच वागतात आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश बाहेर टाकतात. वारंवारता दुप्पट, म्हणजे तरंगलांबी निम्मी. १९६१ मध्ये अमेरिकेत पीटर फ्रँकन यांच्या टीमने क्वार्ट्झ वापरून हे पहिल्यांदा दाखवलं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडियाचा मुख्य लेझरही १०६४ नॅनोमीटरचाच आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने या प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोमध्ये मोजमाप आणखी अचूक करायला ५३२ चा हिरवा प्रकाश आणि केटीपीच वापरतात. फरक एवढाच, की अशा लॅबमध्ये सुरक्षा चष्मा घालूनच काम चालतं. आपल्याकडे पोरगं उघड्या डोळ्यांनी खेळतं.

आणि सगळा इन्फ्रारेड काही हिरवा होत नाही. उरलेला अडवायला पुढे फिल्टर लागतो. स्वस्त लेझरमध्ये कधी कधी तोच नसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१० मध्ये असा एक स्वस्त लेझर तपासला. त्यातून सुमारे २० मिलीवॅट इन्फ्रारेड बाहेर पडत होता, आणि हिरवा मात्र मंद!

झगझगीत हिरवा डोळ्यावर आला तर पापणी आपोआप मिटते. इन्फ्रारेड दिसतच नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तो थेट रेटिनापर्यंत पोहोचतो. लेझर खाली पडून आतला क्रिस्टल जरा सरकला, तरी हिरवा कमी होतो. इन्फ्रारेड तसाच राहू शकतो.

म्हणून लेबल वाचा. ५३२ लिहिलं असेल तर बहुधा आत क्रिस्टल आहे. ५२० च्या आसपासचा आकडा असेल तर डायोड थेट हिरवा प्रकाश देतो. मात्र तोही डोळ्यावर, आरशावर किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यावर मारायचा नाही. आणि मंद पडलेला लेझर पोरांना देऊ नका. आधी त्याचे सेल काढा.