विश्लेषण : रिमोटवरचा जुना ट्रक घरीच नवा कसा करतात? आधी मोटर बदलणे का महागात पडते?

रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी बिघडली की ती माळ्यावर जाते किंवा भंगारात. छंद म्हणून घेतल्या जाणाऱ्या ‘आरसी’ ट्रकचे मात्र तसे नसते. त्याचा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो. त्यामुळे दहा-बारा वर्षे पडून राहिलेला ट्रकही घरातल्या टेबलावर खोलून पुन्हा धावता करता येतो. पण कामाचा क्रम चुकला तर महागडे गिअर काही मिनिटांत भुगा होतात. बॅटरीबाबत हयगय झाली तर घरात आग लागण्याचाही धोका असतो.

हा ट्रक खेळण्यापेक्षा वेगळा कसा?

साध्या खेळण्यात सगळी यंत्रणा एकाच सर्किट बोर्डवर असते. तो गेला की खेळणे संपले. छंदाच्या ट्रकमध्ये मोटर, तिला वीज पुरवणारा स्पीड कंट्रोलर, चाके वळवणारा सर्व्हो आणि रिमोटचे संदेश घेणारा रिसिव्हर हे चारही भाग वेगळे असतात. जपानच्या शिझुओका शहरातील ‘तामिया’ कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही आपली पहिली रेडिओ नियंत्रित मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपात आणली. अमेरिकेतील ‘ट्रॅक्सस’ कंपनीचा २००८ मधील ‘स्लॅश’ हा मूळ वाहनाच्या एक दशांश आकाराचा ट्रक तयार जोडलेला मिळत असला, तरी तो पूर्ण खोलता येतो. घरी केलेल्या सुधारणांसाठी तो विशेष लोकप्रिय आहे.

सुरुवात कुठून करावी?

सर्वप्रथम बॅटरी काढावी. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्यावेत आणि स्क्रू अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावेत. माती कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याचा फवारा मारल्यास बेअरिंग गंजतात. प्रत्येक बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. खरखर लागली तर ते बदलावे. ‘स्लॅश’मध्ये अनेक ठिकाणी ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरचे बेअरिंग असते. हे प्रमाणित माप असल्याने त्यासाठी कंपनीचाच सुटा भाग घ्यावा लागत नाही. जुन्या संचांत बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश असतात. ते काढून बेअरिंग बसवणे ही सर्वांत स्वस्त आणि तरीही लगेच जाणवणारी सुधारणा आहे.

त्यानंतर शॉकॲब्जॉर्बर. त्यातले सिलिकॉन तेल कालांतराने गळते किंवा काळे पडते. नवे तेल भरून हवेचे बुडबुडे निघून जाऊ दिले की उडीनंतर ट्रक आपटत नाही. धातूत बसणाऱ्या स्क्रूला ‘थ्रेडलॉकर’चा एक थेंब लावावा, प्लास्टिकमध्ये बसणाऱ्याला लावू नये. प्लास्टिकमध्ये स्क्रू जोर लावून पिळला तर आटे जातात.

आधी मोटर का बदलू नये?

जुना ट्रक हाती आला की पहिला मोह जास्त वेगाच्या मोटरचा होतो. पण मोटरची ताकद गिअर, डिफरन्शिअल आणि शाफ्टमधून चाकांपर्यंत जाते. या साखळीतली सर्वांत कमकुवत कडी आधी तुटते. प्लास्टिकचा गिअर गेला म्हणून धातूचा बसवला, तर पुढचा झटका शाफ्टला बसतो. म्हणून आधी बेअरिंग आणि शॉक, मग स्टीअरिंगचा सर्व्हो, नंतर गिअर व शाफ्ट आणि सर्वांत शेवटी मोटर, हा क्रम फायद्याचा. वेग वाढला आणि वळवणारा सर्व्हो जुनाच राहिला, तर ट्रक ताब्यात राहत नाही.

ब्रशलेस मोटर म्हणजे काय?

साध्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज देण्यासाठी कार्बनचे ब्रश सतत घासत असतात आणि झिजतात. ब्रशलेस मोटरमध्ये ते नसतात. वीज कोणत्या गुंडाळीला कधी द्यायची, हे कंट्रोलर ठरवतो. म्हणूनच मोटर बदलली की कंट्रोलरही बदलावा लागतो. मोटरवरचा ‘केव्ही’ हा आकडा एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला किती फेरे हे सांगतो. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर सुमारे २५,९०० फेरे घेते.

मोटरचा गिअर मोठ्या गिअरला किती जवळ असावा, याची साधी युक्ती आहे. दोघांच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करायची आणि पट्टी काढून घ्यायची. तेवढी फट पुरेशी असते. दोन्ही गिअरच्या दातांचे माप एकच असायला हवे. काही मिनिटे चालवल्यावर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर मोटरवर कमी दातांचा गिअर बसवावा.

बॅटरीचा धोका किती?

जुन्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो. लिथियम पॉलिमर, म्हणजे ‘लिपो’ सेल ३.७ व्होल्टचा. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टवर जातो. ३ व्होल्टखाली गेला तर कायमचा बिघडतो. म्हणून ठरावीक व्होल्टेजला वीज तोडणारा कंट्रोलर आवश्यक आहे. अनेक जुन्या कंट्रोलरमध्ये ही सोय नसते.

जुन्या बॅटरीच्या चार्जरवर लिपो कधीही लावू नये. सेल समान पातळीवर ठेवणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. ५००० एमएएच बॅटरीला ५ अँपिअरचा वेग सुरक्षित मानला जातो. चार्जिंग सुरू असताना घराबाहेर जाऊ नये, झोपू नये. बॅटरी गादी-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवावी. बरेच दिवस वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावेत. फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’नुसार ती वेगळीच द्यावी लागते.

खर्च परवडतो का?

अनेक भाग आयात केलेले असल्याने खरेदीआधी पूर्ण यादी करून बेरीज मांडावी. मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि चार्जर मिळून खर्च नव्या ब्रशलेस ट्रकच्या जवळ जात असेल, तर नाकापेक्षा मोती जड अशी गत होते. अशा वेळी जुनीच मोटर ठेवून बेअरिंग, तेल आणि गिअरवर थांबणे शहाणपणाचे. थ्रीडी प्रिंटरवर छोटे भाग करून घेता येतात. पण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे मोटरजवळ ते टिकत नाही.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

चाके जमिनीला टेकणार नाहीत अशा पद्धतीने ट्रक ठोकळ्यावर ठेवावा. आधी रिमोट सुरू करावा, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. चाके फिरत असताना रिमोट बंद करून मोटर थांबते का, हेही याच वेळी ठोकळ्यावर तपासावे. सुमारे दोन किलोचा ट्रक ताशी ५० किलोमीटरने पायावर आदळला तर गंभीर इजा होऊ शकते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे सोसायटीचे आवार किंवा रस्ता नव्हे, तर मोकळे मैदान निवडावे आणि लहान मुलांना चालवणाऱ्याच्या मागे उभे करावे.