रेल्वे स्थानकालगतचा मिश्र-उपयोगी मनोरा : शाश्वत रचनेची सूत्रे

नागरीकरणाबरोबर घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढत गेले व त्याचा भार रस्ते, इंधन आणि हवेवर पडला. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय परिवहनकेंद्रित विकास धोरण जाहीर केले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटांच्या चालीवरील परिसर ‘प्रभावक्षेत्र’ मानून तेथे वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक द्यावा, असे हे धोरण सुचवते. दुकाने, कार्यालये व घरे एकत्र सामावणारा मनोरा हे या विचाराचेच एक रूप होय.

वापरांची मांडणी

स्थानकाच्या पातळीवर पादचाऱ्यांसाठी खुले मार्ग व दुकाने, त्यावर कार्यालये आणि गाड्यांच्या आवाजापासून दूर, वरच्या मजल्यांवर घरे अशी मांडणी सोयीची ठरते. रुळांवरील कंपने जमिनीतून इमारतीत पोहोचतात. म्हणून पायाच्या आराखड्यातच कंपनरोधक व्यवस्था योजावी लागते. मिश्र उपयोगाचा मोठा लाभ वेळेच्या विभागणीत आहे. कार्यालयांची वीजमागणी दिवसा, तर घरांची सायंकाळनंतर वाढते. त्यामुळे रोहित्रे व वाहनतळ यांची एकत्रित क्षमता मर्यादित ठेवता येते.

ऊर्जा आणि पाणी

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारण्यात आली. सुधारित संहितेच्या तीन श्रेणींत पारंपरिक इमारतीच्या तुलनेत अनुक्रमे किमान २५, ३५ व ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित होती. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. मनोऱ्याचे छत एकूण बांधकामाच्या मानाने लहान असते. केवळ छतावरील सौरऊर्जेने त्याची गरज भागत नाही. म्हणून मागणी घटवणे हेच पहिले पाऊल ठरते. लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवल्यास सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन टळते. दक्षिणेचे उंचावरील ऊन सज्जाने अडते.

शहरी घरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरतात. त्यापैकी ४५ लिटर, म्हणजे एकतृतीयांश, शौचालयासाठी लागते. स्नान व धुण्याचे पाणी शुद्ध करून स्वतंत्र नळजोडणीने तेथे वापरल्यास पिण्यायोग्य पाण्याची मोठी बचत होते.

खरी कसोटी

स्थानकामुळे वाढलेल्या जमिनीच्या मूल्याचा वाटा सार्वजनिक कामांकडे वळवणे, हे या धोरणाचे महत्त्वाचे अंग आहे. नवी मुंबईत याचा पूर्वानुभव आहे. तेथील रेल्वेमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के भार रेल्वेने उचलण्याचे सूत्र ठरले. वाशी, बेलापूर येथे स्थानक-इमारतींतच कार्यालये उभी राहिली.

मात्र वाढते मूल्य अल्प उत्पन्न गटालाच स्थानकापासून दूर लोटू शकते आणि लोकलवर सर्वाधिक विसंबणारा वर्ग तोच असतो. तो दूर गेला आणि त्याच्या जागी मोटारधारक आले, तर इमारत कितीही ऊर्जाबचत करणारी असली तरी रस्त्यावरील इंधन वाचत नाही. म्हणूनच परवडणारी घरे, फेरीवाल्यांना निश्चित जागा व मर्यादित वाहनतळ या अटी आराखड्याच्या प्रारंभीच घालणे आवश्यक ठरते.