वाहनातील इलेक्ट्रॉनिक दोषांचे स्कॅन टूलद्वारे सुरक्षित निदान

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल-वर्षापासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली बंधनकारक झाली. तिच्या १६ पिनांच्या कनेक्टरमधून स्कॅन टूल दोषसंकेत वाचते. तथापि दोषसंकेत म्हणजे निदान नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी०१७१’ हा संकेत मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचे दर्शवितो. इनटेकमधील हवागळती, मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा इंधनाचा अपुरा दाब यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. केवळ संकेत पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलल्यास ग्राहकाचा पैसा वाया जातो व दोष कायम राहतो.

प्रथम संकेत व फ्रीझ-फ्रेम माहिती नोंदवावी. संकेत आधीच पुसल्यास हा पुरावा नष्ट होतो. त्यानंतर फ्युएल ट्रिम पाहावे. आयडलिंगला वाढलेले ट्रिम वेग वाढविताच कमी झाल्यास हवागळतीचा, तर भार वाढताना वाढत गेल्यास इंधनपुरवठ्यातील दोषाचा संशय घ्यावा. दुरुस्तीपूर्वी प्रत्यक्ष मापनाने खात्री करावी.

सुरक्षिततेच्या दृष्टीने बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. वाहन चालवीत असताना चालकाने पडद्याकडे पाहू नये; वाचन सहकाऱ्याने करावे. एअरबॅगच्या इग्नायटरला ओहममीटर लावू नये. हायब्रिड वाहनांतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असल्याने प्रशिक्षणाविना त्यांना स्पर्श करू नये.

सारांश, प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना अध्यापकांनी विद्यार्थ्याने वाचलेल्या संकेतापेक्षा त्यामागील कारणमीमांसेस अधिक महत्त्व द्यावे.