फोटो तुमचे, शब्द तुमचे, टूल फुकटात!

तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत फोटो किती? चार हजार? सहा हजार? आणि त्यातले घरातल्या भिंतीवर लागलेले? बरोब्बर, एकही नाही! ट्रेकचे, साखरपुड्याचे, ऑफिस पिकनिकचे फोटो धडाधड निघतात, ग्रुपवर पडतात आणि तिथेच गडप होतात. मग कलीगच्या फेअरवेलला ऐनवेळी रेडिमेड कार्ड आणायचं आणि सगळ्यांनी खाली सह्या ठोकायच्या. सो बोअरिंग! त्यापेक्षा एक लंच ब्रेक काढा. ब्राउजरमध्ये चालणारी ही टूल्स वापरायला डिझायनर असावं लागत नाही.

शब्दांचा ढग
जो शब्द जास्त वेळा, तो जास्त मोठा. वर्ड क्लाउडचं लॉजिक एवढंच. जोनाथन फाइनबर्ग यांच्या 'वर्डल'ने २००८ मध्ये ही आयडिया पॉप्युलर केली (हल्लीचा शब्दकोड्याचा वर्डल वेगळा बरं का). आज हेच काम करणाऱ्या बऱ्याच साइट्स आहेत. निघालेल्या कलीगबद्दल टीममधल्या प्रत्येकाकडून पाच शब्द मागवा आणि साइटवर टाका. 'चहा' सगळ्यात मोठा आला, तर त्याच्या पाच वर्षांच्या नोकरीचं सार मिळालं म्हणायचं!

कापा आणि चिकटवा
'रिमूव्ह डॉट बीजी' फोटोतल्या माणसामागची गर्दी काही सेकंदांत गायब करतं. फुकटातला फोटो छोट्या साइजचा मिळतो, पण कार्डाला तेवढा पुरतो. तो 'कॅन्व्हा'च्या टेम्प्लेटमध्ये टाका. कॅन्व्हा २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. त्याआधी हीच मंडळी शाळांसाठी इयरबुक बनवायचं सॉफ्टवेअर चालवायची. तेव्हा आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचंच इयरबुक करून बघा! फोटो कुठल्या परक्या सर्व्हरवर नको असतील, तर 'फोटोपी' घ्या. दिसायला फोटोशॉपचा भाऊ, आणि सगळं काम तुमच्याच कम्प्युटरवर होतं.

मराठीचं काय?
खरी गंमत (आणि डोकेदुखी) इथे आहे. इंग्रजी फॉन्टमध्ये मराठी टाकलं की चौकोन उमटतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला की नुसतीच अगम्य चिन्हं. म्हणून टाइप युनिकोडमध्येच करा आणि फॉन्ट देवनागरीचा निवडा. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त, बलू आणि नावाप्रमाणेच गुबगुबीत मोदक हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. काही वर्ड क्लाउड साइट्स काना-मात्रा वेगळ्या तोडतात. म्हणून आधी 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' असे दोन-चार अवघड शब्द टाकून बघा. आजीचं नाव चुकीचं छापलेली फ्रेम कोण लावणार?

प्रिंटला देण्याआधी
सहा बाय चार इंचाच्या चांगल्या प्रिंटसाठी साधारण १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. मित्राकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं बजावा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. 'पिकनिक' ही फोटो एडिटिंगची साइट आठवते? कॉलेजातल्या कित्येकांची ती लाडकी होती. २०१० मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि २०१२ मध्ये बंदही केली. टूल्स येतात, जातात. तेव्हा काम झालं की फाइल डाउनलोड करा, मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि जमलं तर एक प्रिंट काढाच. ती उघडायला पासवर्ड लागत नाही!